सातव्या थांब्याची सावली

दर रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास आत्याच्या खिडकीखाली तिच्या आजोबांना चोर ठरवलं जायचं.

आधी पावलं यायची, पंचवीस-तीस माणसांची, दगडी फरशीवर घासत येणारी. मागून पिवळी छत्री आणि त्या छत्रीखालच्या गाइड मुलीचा आवाज, गळ्यात अडकवलेल्या स्पीकरच्या डब्यातून किरकिरत: "मंडळी, सातवा थांबा! हे चोरमाप्याचं घर. इथला व्यापारी आतून पोखरलेली वजनं वापरायचा. शेवटी लोकांनी त्याला पकडलं, तीच वजनं त्याच्या गळ्यात बांधली आणि सात दिवस त्याला बांधून ठेवलं. कुठं? तर या आकड्याला!"

लोक हसायचे. मग फोटो. कुणीतरी दारावरच्या लोखंडी आकड्याखाली मान वाकडी करून, जीभ बाहेर काढून उभं राहायचं आणि बाकीचे म्हणायचे, "अजून थोडं डावीकडे."

आत्या आत पाटावर बसून पारड्याला साखळ्या जोडत असायची. सत्तरीची झाली तरी हात थरथरत नव्हता. काटे आणि तराजू करणं, बिघडलेले दुरुस्त करणं हा तिच्या घरातला चार पिढ्यांचा उद्योग. आता तिची भाची, म्हणजे थोरल्या भावाची मुलगी, बॅटरीवरचे काटेही दुरुस्त करायची. पण औषधवाले आणि सोनार अजून दांडीचा तराजू घेऊन आत्याकडेच यायचे. भाची आत्या म्हणायची म्हणून सगळी गल्ली आत्या म्हणायला लागली होती.

आणि तो आकडा? त्या आकड्याला आजोबांच्या काळी खात्रीचा काटा टांगलेला असे. बाजारातून काहीही घेऊन या, इथं फुकट तोला, कमी भरलं तर दुकानदाराला जाऊन जाब विचारा. असं ते दार! ज्या आकड्यानं गावाला खरं खोटं दाखवलं, त्याच आकड्याखाली लोक जीभ बाहेर काढून फोटो काढत होते.

"बोलू दे गं," आत्या पहिल्यांदा म्हणाली होती. "हवेतलं बोलणं. हवेत जाईल."

पण एका गुरुवारी दोघी औषधवाल्याकडे काटा पोचवायला गेल्या आणि परत येऊन बघतात तर दाराशेजारी भिंतीला पितळी पाटी! वर खाकी कागद चिकटवलेला आणि कागदावर लिहिलेलं: 'उद्घाटनापूर्वी काढू नये.' आत्यानं चष्मा लावला, ते वाक्य नीट वाचलं आणि कागद टरकन फाडला.

चोरमाप्याचे घर. येथील व्यापाऱ्याने खोट्या वजनांनी अनेक वर्षे जनतेस लुबाडले.

बोलणं हवेत गेलं नव्हतं. चार स्क्रूंनी भिंतीत घुसलं होतं.

"आमच्या भिंतीला भोकं पाडायला विचारलं कुणी?" भाची ओरडली.

"भोकं बुजतील," आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता, आणि तो खाली गेला की भाची दोन पावलं मागं सरायची. "येत्या रविवारी मी पण जाते त्यांच्याबरोबर. बघू तरी, काय काय सांगत फिरतात."

"कुठं? आपल्याच गल्लीत फिरायला?"

"आपल्याच गल्लीत. पहिल्या थांब्यापासून."

त्याप्रमाणे रविवारी नऊ वाजता आत्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली हजर झाली. पायात मोजे, डोक्यावर रुमाल, हातात पाण्याची बाटली. गाइड मुलीनं तिच्या छातीवर 'पाहुणे' असं लिहिलेला गोल कागद चिकटवला. सत्तर वर्षं जिथं राहिली तिथं पाहुणी! आत्यानं कागदाकडं बघितलं आणि तो बोटानं नीट दाबून बसवला. आज ऐकायला आलो आहोत, हे तिनं घरून निघतानाच स्वतःला तीनदा बजावलं होतं.

खोटं कशाला बोला, पहिले सहा थांबे ऐकताना तिला मजा आली. मनोऱ्याचं घड्याळ चार मिनिटं मागं का ठेवतात, तर पूर्वी गावाबाहेरून येणाऱ्या मजुरांना फाटक बंद व्हायच्या आधी पोचता यावं म्हणून, हे तिला माहीतच नव्हतं. दगडी हौदाच्या काठावर दोरांनी पडलेल्या खाचा तिनं रोज बघितल्या होत्या, पण त्यात बोट घालून कधी बघितलं नव्हतं. आज घातलं. बोट पेरापर्यंत आत गेलं. किती हातांनी किती वर्षं पाणी ओढलं असेल, या विचारानं तिला गलबलून आलं. ठिकऱ्यांच्या गल्लीत घरं इतकी जवळ होती की माणसं एका रांगेत चालली आणि एक जाडा गृहस्थ म्हणाला, "मला इथंच ठेवून जा, मी आठवा थांबा." सगळे हसले, आत्याही हसली. पोरगी बोलते छान, तिला वाटलं. पाठ केलेलं असलं तरी मनापासून बोलते.

आणि मग सातवा थांबा आला. स्वतःच्या दारासमोर, परक्यांच्या घोळक्यात उभं राहून, आत्यानं आपल्या आजोबांची चोरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली.

"काही प्रश्न?" मुलीनं विचारलं.

"आहे," आत्या म्हणाली. "हे तुला कुणी सांगितलं?"

"आजी, हे इतिहासात आहे."

"इतिहास कुठं राहतो? पत्ता दे. मी जाऊन येते."

घोळक्यात खसखस पिकली. मुलीनं पिशवीतून पुस्तिका काढली. "हे बघा, लिहूनच दिलंय. थांबा सात. मी माझ्या मनाचं एक अक्षर घालत नाही, आजी. आम्हाला परवानगीच नाही."

"मी आजी नाही, आत्या. आणि ज्याला तू आत्ता बांधलंस ना, त्याची नात." तिनं छातीवरचा 'पाहुणे' उचकटला आणि मुलीच्या छत्रीच्या दांड्याला चिकटवला. "हे घे. मी माझ्या घरी आले."

दार धाडकन लागलं. आकडा हलला.

सोमवारी ती वारसा कार्यालयात गेली. तिथले साहेब पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे. तिला बघून उठून उभे राहिले, स्वतः खुर्ची ओढून दिली. माणूस उद्धट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

"आत्या, तुमच्या पायांनी आज आमचं ऑफिस पावन झालं."

"पाय राहू द्या. ती पाटी काढा."

"पण का? सात नंबरला सगळ्यात जास्त फोटो निघतात. लोकांना तुमचं घर आवडतं."

"माझं घर चोराचं आहे म्हणून आवडतं! साहेब, माझ्या आजोबांनी फुकट तोलून दिलं लोकांना. एका माणसाला त्यांनी गुंजभर कमी दिलं असेल तर वर तो बसलाय, तो मला विचारील. तुम्ही कोण?"

साहेबांनी हात जोडले. "मी कुणीच नाही. पण ही गोष्ट मी कुठून आणली सांगू? तुमच्या दादांकडून."

"माझ्या भावाकडून?" आत्या म्हणाली.

"कॉलेजात असताना मी त्यांच्या रविवारच्या फेरीला यायचो. तीन वर्षं! तुमच्याच पायरीवर बसून, या कानांनी ऐकलंय. खोटी वजनं, गळ्यात बांधली, सात दिवस. वहीत उतरवून घेतलंय मी." त्यांनी कपाटातून खरंच एक जुनी वही काढली. कोपरे झिजलेले. शाईनं लिहिलेलं: दादांची फेरी, थांबा सात, काटेवाल्यांची पायरी. चोरमाप्याची गोष्ट. "आता तुमच्याच घरातला माणूस तुमच्या घराबद्दल सांगतो, तर मी का शंका घेऊ, सांगा?"

आत्या तशीच घरी आली. दादा जाऊन सहा वर्षं झाली होती. शाळेत भूगोल शिकवायचा आणि रविवारी, एक पैसा न घेता, येईल त्याला गाव दाखवत फिरायचा. त्याच्या फोटोसमोर ती उभी राहिली.

"दादा, आपल्या आजोबांना?" ती म्हणाली. "टाळ्या मिळाव्यात म्हणून?"

"बाबा असं करणार नाहीत," भाची मागून म्हणाली.

"मग वही खोटं बोलते?"

"तू होतीस ना घरात! तू काय ऐकलंस?"

हा प्रश्न आत्याला सुईसारखा लागला. ती होती. तीस वर्षं दर रविवारी ती घरातच होती. आत, मोरीपाशी, वीस-पंचवीस माणसांसाठी पाण्याचे ग्लास विसळत. बाहेर दादा बोलायचा, लोक हसायचे, आणि तिच्या कानात पाण्याचा नळ. भावाचं बोलणं ऐकायला लोक गावाच्या त्या टोकाहून यायचे आणि ती चार हातांवर असून तिनं एकदाही नळ बंद केला नव्हता.

दादाच्या फेरीला न चुकता येणारं आता एकच माणूस उरलं होतं. हौदाजवळच्या बोळात जोडे शिवणारे बूटवाले काका. आत्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेली. काका तोंडात चार खिळे धरून टाच ठोकत होते.

"काका, दादा आमच्या आजोबांना चोर म्हणायचा?"

काकांनी चारही खिळे हातावर काढले. "कोण म्हणतो? त्याच्या जोड्याला मी आतून खिळा मारतो."

"वहीत लिहिलंय. थांबा सात."

"अगं, थांबा तुझ्या दारात. गोष्ट नाही!" काका मांडीवर थाप मारून म्हणाले. "चोरमाप्या होता मागच्या गल्लीत. तिथं भिंतीत कडी आहे अजून, बघितली नाहीस? पण ती गल्ली म्हणजे वरून ऊन आणि खाली गटार. वीस माणसं उभी कुठं राहणार? गाव दाखवणारे सगळे असंच करतात. गोष्ट जिथं घडली तिथं सांगत नाहीत, सावली जिथं असेल तिथं सांगतात. तुझ्या दारावर गॅलरी पुढं आलेली, पायरी रुंद, शिवाय तुझं पाणी. दादा पायरीवर उभा राहायचा आणि पहिलं वाक्य म्हणायचा..." काकांनी घसा साफ केला. आवाज काढला तो थेट दादाचा. "'मंडळी, हे इथं घडलेलं नाही. घडलं मागच्या गल्लीत; पण तिथं ऊन आहे, म्हणून बूड इथं टेका आणि मन तिकडं ठेवा.'"

आत्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्यामागून दुपटीनं राग.

"आणि शेवट?"

"शेवट तुझ्या आजोबांचा! त्या चोरामुळं गावाचा वजनांवरचा विश्वास उडाला, म्हणून तुझ्या आजोबांनी दारात खात्रीचा काटा टांगला. आकड्याकडं बोट दाखवून दादा गप्प उभा राहायचा. माझ्या अंगावर काटा यायचा, तुझी शपथ."

म्हणजे पूर्वरंगही गाळला, उत्तररंगही गाळला, आणि मधला चोर तेवढा उचलून पितळेत घातला!

"मग साहेबानं असं का लिहिलं?"

"तो गोल तोंडाचा? तो पोरगा नेहमी उशिरा यायचा. सातव्या थांब्यावर धापा टाकत, गोष्ट सुरू झाल्यावर. आणि शेवटाला दादा म्हणायचा, पाणी आत आहे, की हा पहिला आत!"

आत्याला आठवला. गोल चेहऱ्याचा एक मुलगा, दोन ग्लास पिणारा. तिनंच त्याला दुसरा ग्लास भरून दिला होता, कौतुकानं.

उद्घाटनाच्या रविवारी सातव्या थांब्यावर नेहमीपेक्षा दुप्पट माणसं होती. पाटीवर नवा खाकी कागद, त्यावर रेशमी फीत. साहेब, पिवळ्या छत्रीची मुलगी, आणि बूटवाले काका चक्क पॉलिश केलेल्या जोड्यांत. आत्या पायरीवर उभी होती, हातात स्क्रू-ड्रायव्हर.

"साहेब," ती म्हणाली, "फीत कापायच्या आधी काकांचं ऐका."

काकांनी सांगितलं. पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, सगळं. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ते खोटं बोलणारे नव्हते. तीन वर्षं आपण काय गमावलं ते त्यांना त्या क्षणी कळत होतं. पण समोर साठ माणसं होती आणि हातात कात्री.

"असेल, काका. असेलही," ते म्हणाले. "पण पाटी ओतून झाली आहे. पुस्तिका छापून झाल्या आहेत. पुढच्या छपाईत आपण जरूर विचार करू. एका वाक्यानं काय एवढं..."

"एका वाक्यानं?" आत्याचा आवाज खाली गेला. पायरीवरची माणसं ऐकू यावं म्हणून पुढं झुकली. "माझ्याकडं औषधवाले काटा आणतात. दांडी एका केसानं ढळली तर मी तो काटा हातातून सोडत नाही. कारण त्या केसानं कुणाचं तरी पोर मरतं. एक वाक्य म्हणजे केवढं, ते मला शिकवू नका. तुम्ही उशिरा आलात, माणसाकडून होतं असं. लवकर उठून गेलात, तेही होतं. पण जे ऐकलं नाही ते नव्हतंच, असं पितळेत लिहून द्यायचं? आणि पाणी माझंच प्यायलात!"

आत्यानं फीत बाजूला सारली, कागद फाडला आणि पहिला स्क्रू फिरवायला घेतला.

"आत्या, ती सरकारी मालमत्ता आहे!"

"भिंत माझी आहे. मालमत्ता खाली उतरवून देते."

चौथा स्क्रू निघाला. पाटी जड होती. भाचीनं एक टोक धरलं आणि दोघी चालू लागल्या. साठ माणसं, साहेब, छत्री, सगळे मागून. कोपरा वळला आणि मागच्या गल्लीतलं ऊन डोक्यावर आदळलं. गटाराच्या कडेनं एकेक पाय टाकत वरात निघाली. शेवटच्या भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर, खरंच एक गंजलेली कडी होती. दगड घासून घासून तिथं गुळगुळीत झाला होता.

"हे घर!" आत्या म्हणाली. तिनं पाटी भिंतीला टेकवली. "इथं लावा."

वरची खिडकी उघडली. त्या घरात हल्ली एक शिवणकाम करणारी बाई भाड्यानं राहत होती. गळ्यात टेप, तोंडात टाचणी.

"काय लावताय माझ्या भिंतीला?"

कुणीतरी पाटी मोठ्यानं वाचून दाखवली.

"ए बायांनो! चोर कोण? मी?" टाचणी खाली पडली. "मी इथं आठ वर्षं कपडे शिवते. आधीच लोक विचारतात, बाई, उरलेलं कापड कुठंय. त्यात दारावर ही पाटी! मला उपाशी मारायचंय का? काढा, काढा ते! आत्या, तुम्ही? तुम्ही असं करावं?"

आत्यानं पाटीवरचा हात काढला नाही, पण तो जड झाला. त्या बाईच्या चेहऱ्यावर तिला स्वतःचा गुरुवार दिसला. तोच कागद, तेच टरकन फाटणं. फक्त न विचारता पाटी लावायला निघालेलं माणूस या वेळी ती स्वतः होती.

"चुकलं," ती म्हणाली. साठ माणसांसमोर. "तुझी भिंत आहे. तुला विचारायला हवं होतं. तू आपली शिव."

"आणि पाटी?" साहेबांनी हळूच विचारलं.

"माझ्याकडं ठेवते. तुम्ही नवीन आणा. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य घातलेली. ती आणलीत की ही घेऊन जा."

साहेबांनी सोमवारी नोटीस पाठवली: सरकारी मालमत्ता सात दिवसांत परत करावी. आत्यानं नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूला उत्तर लिहिलं: नवी पाटी आणि सुधारलेली पुस्तिका आणा, मग. पाटी तिनं कामाच्या पाटावर पालथी घातली आहे. तिच्या पाठीवर ती पारडी ठोकून सरळ करते. पितळ चांगलं आहे, ठोके झेलतं.

पुस्तिका अजून सुधारलेली नाही. पुढच्या छपाईला अवकाश आहे म्हणे. आत्याचा राग त्यामुळं ताजा आहे. रोज सकाळी ती तो घासूनपुसून ठेवते.

पण आता रविवारी साडेदहाला पावलं वाजू लागली की ती नळ बंद करते. ग्लास भाची भरते. आत्या पायरीवर येऊन उभी राहते, आणि पिवळ्या छत्रीची मुलगी, तिला परवानगी नसताना, गळ्यातला डबा काढून आत्याच्या गळ्यात घालते. आकड्याला पुन्हा काटा टांगलेला आहे.

"मंडळी," आत्या सुरुवात करते, "हे इथं घडलेलं नाही. घडलं मागच्या गल्लीत; पण तिथं ऊन आहे, म्हणून बूड इथं टेका आणि मन तिकडं ठेवा."

मग ती चोराची गोष्ट सांगते. आणि मध्येच कोपऱ्यावरून कुणी धापा टाकत, घाम पुसत, उशिरा येताना दिसलं की तोंडातलं वाक्य तिथंच सोडते. बसलेले चुळबुळ करतात, घड्याळ बघतात. आत्या त्या माणसाला हातानं पायरी दाखवते, तो बसेपर्यंत थांबते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते:

"मंडळी, हे इथं घडलेलं नाही."